हक्कसोडीवरची माझी सही

पनवेलला एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी अकरा वर्षं टायपिंग केलं. विमानतळ येणार, येणार म्हणता म्हणता आमच्या भागातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता, आणि गळ्यात जाड चेन घातलेली माणसं रोज आमच्या बाकावर येऊन बसायची. सर प्रत्येकाला तेच सांगायचे. सल्ला विकण्याआधी घ्या, विकल्यावर नको. जमिनीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर आलेल्या सगळ्या पैशांचं एकच राहतं घर घ्या, स्वतःच्या नावावर, दोन वर्षांच्या आत. बांधणार असाल तर तीन. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर झालं नाही, तर रक्कम बँकेत त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात टाका, गाडीत नव्हे. हे ऐकताना समोरचा माणूस हमखास खाली उभ्या केलेल्या नव्या गाडीकडे बघायचा.

मला हे सगळं पाठ होतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आमच्या बाबांची भातशेती सरकारने घेतली आणि बदल्यात उलव्याला प्लॉट मिळायचा होता. तो हातात पडायच्या आधीच बाबा गेले. आई आधीच गेली होती. वारस दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. एका रविवारी तो खांदा कॉलनीतल्या माझ्या भाड्याच्या खोल्यांवर आला. पिशवीत सुके बोंबील होते आणि बोंबलांच्या वर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हक्कसोडपत्र.

"ताय, तुजी सई पायजे, नायतर काम अडतं," तो म्हणाला. "आमी काय तुला तोडनार हाय का?"

बापाच्या मालमत्तेतला आपला हिस्सा बहिणीने भावाला फुकट सोडून द्यायचा, तोही रजिस्टर करून, हे हक्कसोडपत्र. अशी किती मी स्वतः टाइप केली होती. तरीही सही केली. माझ्या चुलत बहिणीने कोर्टात हिस्सा मागितला होता, तेव्हा सख्ख्या भाच्याच्या हळदीला तिला कुणी बोलावलं नाही. गावात तिचं नाव निघालं की बायका तोंड वाकडं करायच्या. मला ते नको होतं. गौरीला जायला एक घर हवं होतं, दारात "ताय आली" म्हणणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला. बदल्यात साडी मिळाली. तिचा रंगही वहिनीने निवडला होता.

भावाने प्लॉट बिल्डरला विकला तेव्हा मला विचारलं नाही. मी रोज ज्या खुर्चीत बसत होते तिथून चार हातांवर सल्ला मिळत होता, तोही फुकट मिळाला असता. त्याने बायकोच्या नावावर दोन फ्लॅट घेतले, एक दुकानाचा गाळा घेतला, गाडी घेतली आणि मुलाच्या हळदीला सगळं गाव जेवू घातलं. गणपती उरकल्यावर फाइल घेऊन तो आमच्या ऑफिसात आला. रिटर्नची तारीख जुलैतच गेली होती. वरातीमागून घोडं.

सरांनी कागद चाळले. कायद्याला जे हवं होतं ते सोडून त्याने सगळं केलं होतं. "वारस किती होते?" सरांनी विचारलं.

"ही आन् मी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझी हक्कसोड त्यांना ठाऊक नव्हती. मग ते त्याला शांतपणे म्हणाले, "बहिणीला ठेवलं असतंत, तर निम्मा नफा तिच्या नावावर गेला असता. तिला स्वतःचं घर नाही. त्या पैशांचं तिने घर घेतलं असतं आणि तिच्या निम्म्यावर कर लागलाच नसता. आता सगळा तुम्हीच भरा."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगला पोटभर झाला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी बोंबील नव्हते. "मागच्या तारखेचा स्टॅम्पपेपर मिलतो," तो म्हणाला. "बाबांच्या मागं वाटनी झाली, निम्मं तुजं, असा कागद करू. निम्मे पैशे तुला दिले असं दाखवू."

बापाच्या जमिनीत निम्मं माझं आहे, हे माझ्या भावाच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. तेही खोट्या कागदापुरतं, इन्कमटॅक्सच्या साहेबाला दाखवायला.

"दाखवशील, की देशील?" मी विचारलं.

तो खिशातल्या गाडीच्या किल्लीशी खेळत बसला. मग म्हणाला, "आता कुटं रायलेत पैशे?"

रजिस्टर झालेली हक्कसोड सरकारच्या दप्तरात आहे, पैसे तुझ्या खात्यात आलेत, असला कागद दोन मिनिटं टिकणार नाही, हे मी त्याला समजावलं. पण खरं कारण ते नव्हतंच. टिकला असता तरी मी सही केली नसती. तसं मी त्याला सांगितलंही. तो उठला. चपला घालताना म्हणाला, "घरातली आसून कामाला आली नाय."

कर भरायला त्याने गाळा विकला.

त्या भाऊबीजेला मी ताट तयार करून ठेवलं. दुपार झाली, तो आला नाही. मीच फोन केला. वहिनीने उचलला. "ते घरात नायत," ती म्हणाली. मागून त्याचा आवाज येत होता, कुणाला तरी पाणी आणायला सांगत होता. पुढच्या वर्षी मी ताट केलं नाही. गौरीचं बोलावणंही थांबलं.

हिस्सा मागितला असता तर माहेर तुटलं असतं. न मागताही तुटलंच. मागितला असता, तर निदान आज दर अकरा महिन्यांनी घरमालकासमोर बसून करारावर सही करावी लागली नसती.