भरलेली शीर

ग्रॅनाइटचा ओटा दिसला की समोरची माणसं दिसेनाशी होतात, असा गृहस्थ अख्ख्या सातारा-सांगलीत एकच, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. कराडच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवून ते रिटायर झाले, पण दगड काही सुटला नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं आपल्या मुलखातल्या काळ्या कातळाकडे ते ढुंकून बघत नाहीत. जीव सगळा बाहेरून येणाऱ्या ग्रॅनाइटवर. फरशीवाल्याकडून फुटके तुकडे आणायचे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकती होईपर्यंत घासायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून दुपारभर बघत बसायचं. कुठला कण कुजून माती व्हायला लागलाय, कुठली भेग कशानं बुजलीय. "शीर म्हणजे दगडाचा भरलेला घाव," ते सांगत. "भेगेतून गरम पाणी झिरपतं, जाताना पांढरी गारगोटी ठेवून जातं. शीर भरली की काळजी मिटली."

माझ्या थोरल्या भावासाठी मुलगी बघायला कवठे महांकाळला गेलो, तर पोह्यांची बशी घेऊन हे थेट स्वयंपाकघरात. भिंग लावून ओट्यावर वाकलेला पाहुणा बघून मुलीची चुलती कोपऱ्यात सरकली. बाहेर येऊन आतोबांनी निकाल दिला, "वरून चकचकीत आहे, पण आतून कुजायला लागलंय." बैठक गार पडली. मुलीचे वडील उठून उभेच राहिले. तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "बसा पाव्हणं. त्ये ओट्याचं बोलत्यात." लग्न जमलं ते तिच्यामुळं. आतोबांचं बोलणं लोकांना समजावून सांगण्यातच तिचा संसार झाला.

गेल्या वर्षी आत्याच्या छातीत कळ आली. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हृदयाची एक शीर चरबीनं पार भरलीय." आतोबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग काळजी मिटली." डॉक्टर बघतच राहिले. या वेळी समजावून सांगायला आत्या शेजारी नव्हती. काय ऐकलं ते आतोबांना जरा उशिरा कळलं, आणि ते दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ऑपरेशन होईपर्यंत तिथून उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची फार माया आली.

परवा गेलो तेव्हा सूक्ष्मदर्शकावर फडकं होतं आणि दोघं चहा घेत बसले होते. आत्याच्या गळ्याखाली व्रणाचं टोक दिसत होतं.

"आवं, एवढं दगड बगितलं," ती म्हणाली, "आता ह्यो घाव बगा की. भरलाय का?"

आतोबांनी खिशातून भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही.

"भरतोय," ते म्हणाले. "पण दगडाला लय वेळ असतो गं. आपल्याला कुठला?"

"म्हनूनच म्हंते, च्या प्या. निवाय लागलाय."