नारंगीवर मासा लागत नाही

बर्मिंगहॅमहून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. तरी मे ते सप्टेंबर, ज्या रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी नसेल त्या रविवारी मी पहाटे कायाक, म्हणजे माझी एकटीपुरती वल्ह्याची होडी, गाडीच्या टपावर बांधते आणि तीन तास गाडी हाकत वेल्सचा किनारा गाठते. हे वेड मला चाळिशीनंतर लागलं. लागलं ते सालमन मासा धरण्याचे व्हिडिओ बघून, पण सालमनच्या वाटेला मी जात नाही. त्याचे इथले नियम वाचतानाच भूक मरते. मी धरते मॅकरेल. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, जरा सडपातळ आणि पाठीवर नागमोडी पट्टे असलेला.

व्हिडिओंतली एक गोष्ट मात्र मी सोडली नाही, ती म्हणजे फ्लॅशर. वीतभर लांबीची चकचकीत पट्टी. कायाक सावकाश वल्हवायची, मागे दोर सोडायचा, दोराला आधी फ्लॅशर आणि त्याच्या मागे हातभरावर गळ लपवलेला खोटा मासा. पट्टी पाण्यात गरगरते, लखलखते, मासा बघायला येतो आणि खोट्या माशाला तोंड लावतो. इथली मंडळी मॅकरेलसाठी एवढा थाट करत नाहीत. धक्क्यावर माझी पेटी बघून हसतात. हसू देत. पेटीत चौदा फ्लॅशर आहेत, आणि कुठल्या दिवशी कुठला लावायचा हे मी ठरवत नाही. ते बाबा ठरवतात.

बाबा रत्नागिरीजवळ खाडीकाठी राहतात. नोकरीभर शाळेत चित्रकला शिकवली आणि रोज संध्याकाळी जेटीवर गरी टाकून बसले. लहानपणी मी शेजारी बसायचे. बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. बोललं की मासे पळतात म्हणे. मी एवढी बडबडी, पण तिथे तास तास गप्प बसायचे आणि ते अधूनमधून फक्त रंगाची नावं सांगायचे. हा शेवाळी, हा राखाडी, त्या तिकडचा मोरपिशी.

एरवी आमचं बोलणं म्हणजे मी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जातानाची तीन मिनिटं. "बोला बाबा, पटकन." रविवारी मात्र मी पाण्यात असते, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून फोन गळ्यात अडकवलेला असतो, आणि किनारा दिसेल इतक्यावर राहिलं तर सिग्नलही मिळतो. माझे सकाळचे आठ म्हणजे त्यांचे साडेबारा. मागून आईचा आवाज येतोच, "जेवण निवतंय!" बाबा तिला हाताने गप्प करतात आणि मला म्हणतात, "आधी पाणी दाखव." मग आकाश. मग पेटी. मग ते सांगतात.

पहिली दोन वर्षं त्यांचा नेम चुकला नाही. ढगाळ असेल तर चांदीचा, ऊन असेल तर निळा, पाणी गढूळ असेल तर पोपटी. मासा लागायचा, गळाची काठी वाकायची, दोन्ही हात लागायचे. मी ओरडायचे, "बाबा, लागला! ठेवते!" आणि फोन बंद. तिथून पुढे मॅकरेल थव्यानेच येतात, म्हणून परत फोन करायला उसंत नसायची. संध्याकाळी घरी आल्यावर फोटो पाठवला की झालं.

मग त्यांचं काहीतरी बिनसलं. लख्ख उन्हात, काचेसारख्या पाण्यात म्हणाले, "नारंगी लाव." हा नारंगी मला कुठल्याशा ऑर्डरबरोबर फुकट आला होता. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात ना, त्या शंकूच्या रंगाचा. त्याला बघून मासा जवळ येणं सोडा, गाव सोडून जाईल. मी लावला. अर्धा तास वल्हवलं, काही नाही. पुढच्या रविवारीही नारंगी. त्याच्या पुढच्याही.

मी काय केलं? मी फसवलं. फोन छातीवर उलटा सोडायचा, बोलता बोलता दोर ओढून घ्यायचा, नारंगी काढून चांदीचा लावायचा. "कुठला लावलायस?" त्यांनी विचारलं की "नारंगीच!" दहा मिनिटांत मासा लागायचा, मी फोन ठेवायचे, आणि नंतर मॅकरेलशेजारी नारंगी फ्लॅशर मांडून फोटो पाठवायचे. "बघा, तुमचा नारंगी!" मला वाटायचं, म्हातारपणी त्यांचा रंगाचा अंदाज गेला तर गेला, पण ते त्यांना कळता कामा नये. मी स्वतःवर फार खूश असायचे. एकदा मात्र काळजीने हट्ट करून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. ते मुकाट्याने गेले. डोळे उत्तम निघाले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गेल्या जानेवारीत दोन आठवड्यांसाठी घरी गेले. बाबा जेटीवर गेले होते. आई मागच्या दारी बांगडे साफ करत होती. मी तिच्याजवळ बसून हळूच विचारलं, "आई, बाबांना रंग कळेनासे झालेत का गं?"

"त्यांना काय धाड भरलीय?"

मग मी सगळं सांगितलं. नारंगी, चांदीचा, फोटो. आईचा विळीवरचा हात थांबला, आणि मग ती जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"नारंगीवर मासा लागत नाही हे त्यांना कळत नाही होय? अगं, मासा लागला की तू फोन ठेवतेस." तिने कोपराने डोळे पुसले. "त्या दिवाळीला येते येते म्हणालीस आणि आली नाहीस, तेव्हापासून हे सुरू आहे. शोधून शोधून वाईटातला वाईट सांगतात. आणि तुझा फोटो आला की दिवसभर बुचकळ्यात. मला म्हणाले, तिकडचे मासे वेडे आहेत."

मी हसले नाही. किती रविवार असतील ते? बाबा ताट निवत ठेवून, चष्मा लावून, एक तास मिळावा म्हणून वाईट रंग शोधत बसले, आणि मी हुशारी करून तो दहा मिनिटांवर आणत राहिले. वर पुरावाही पाठवत राहिले.

जेटीवर गेले. त्यांच्या शेजारी बसले. सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण जेटीवर बोलायचं नाही, हा नियम आडवा आला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि समोर बोट केलं. "राखाडी," ते म्हणाले. भरती वर चढेपर्यंत आम्ही बसलो होतो. मला त्या जेटीवरून उठावंसं वाटत नव्हतं, आणि पाच दिवसांनी माझं विमान होतं.

मेमधल्या पहिल्या मोकळ्या रविवारी मी पाण्यात उतरले. आकाश भरलेलं, पाणी शिशाच्या रंगाचं. शाळेतल्या पोरालाही सांगता येईल की आज चांदीचा. फोन लावला. पाणी दाखवलं, आकाश दाखवलं, पेटी उघडली. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"नारंगी," ते म्हणाले.

मी लावला. डाव्या हाताला पक्षी पाण्यात सूर मारत होते. खाली थवा होता, मला तो दिसत होता. मी तिकडे वळलेसुद्धा नाही. बाबांनी शेजारच्या फणसाचं सांगितलं, मग शाळेच्या नव्या इमारतीचं, तिचा रंग किती भिकार आहे त्याचं. आईने तीनदा जेवायला हाक मारली. मी माझ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटचं सांगितलं, जे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सव्वा तास झाला. हात गारठले, काठी सरळच्या सरळ.

मध्येच बाबा थांबले. त्यांना शंका आली असावी.

"कुठला लावलायस गं?"

"नारंगी," मी म्हटलं, आणि कित्येक वर्षांनी ते खरं होतं.

"मग लागेल," बाबा म्हणाले. "घाई करू नकोस."