न वाजवलेली भिंत

आमचे हे, म्हणजे वाल्मीक तायडे, जातील तिथे नाणं वाजवतात. छत्तीस वर्षं सरकारी बांधकामांवर इंजिनिअर होते. भिंतीला लावलेल्या दगडावर नाणं ठोकायचं. आवाज भरीव आला तर मागे मसाला भरलेला, डबडब आला तर पोकळ. पोकळ निघाला की उखडा, पुन्हा लावा. ही खोड साईटवरच राहिली असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण गुरगावला माझ्या भावाच्या नव्या घरी, पंगत बसलेली असताना, हा माणूस उकिडवा बसून फरशी ठोकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि स्वतःच्या घरात मात्र नाणं खिशातच ठेवलं.

रिटायर झाल्यावर दिल्लीलगतच्या वसुंधरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीची एक भिंत धौलपुरी दगडाची करायची ठरली. काम दिलं अंबादासला. हा नांदेडचा ठेकेदार, वीस वर्षं यांच्या साईटवर काम केलेला. मला वहिनी म्हणायचा. दिल्लीत दिवसभर हिंदी बोलून दमलेल्या माणसाला कुणी मराठीत "साहेब, जेवलात का?" विचारलं की तो विरघळतोच. दगड चिकटवायचं चांगलं केमिकल यांनी स्वतः निवडून आणलं. "पूर्ण पाठीला लाव रे," एवढंच सांगितलं आणि फिरायला गेले.

काम झाल्यावर मी म्हटलं, "वाजवून बघा की."

माझ्यावरच डाफरले. "अंबादासचं काम वाजवू? तो घरचा माणूस आहे, यार."

गेल्या आठवड्यात आमची लेक लुंबिनी बाळंतपणाला आली. तिचा पलंग त्याच भिंतीला लावला, शेजारी पाळण्याची जागा केली. परवा जळमटं काढताना माझ्या झाडूचा दांडा दगडाला लागला. डबडब. शेजारच्याला ठोकलं. तिथेही तेच. छत्तीस वर्षं या आवाजाबरोबर संसार केलाय, मला कुणी सांगायला नको होतं.

यांनी लुंबिनीला बाहेर बसवलं आणि छिन्नी घातली. दगड सहज सुटून हातात आला. मागे केमिकलचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार, मधे एक. बाकी पाठ कोरी. दोन्ही हातांनी पेलावा लागणारा तो दगड माझ्या लेकीच्या डोक्यावर होता.

फोन स्पीकरवर लावला. अंबादासने नाकारलंसुद्धा नाही. "साहेब, साईटवर तुम्ही वाजवायचात, तिथं मी एक दगड पोकळ ठेवला नाही. घरी वाजवणार नाही, हे माहीत होतं मला."

हे खिशातून नाणं काढून मुठीत धरून नुसते बसून राहिले. इतका अपमान साईटवर कुणी केला नव्हता त्यांचा.

मला मात्र बुद्धपौर्णिमा आठवली. मे महिना, बाहेर आग ओतत होती, कूलर आतल्या खोलीत म्हणून सगळे तिथेच जेवायला बसलेले. मानाची जागा म्हणून अंबादासचं ताट मी त्या भिंतीशी मांडलं होतं. तो उठला आणि खिरीची वाटी घेऊन दाराशी जाऊन बसला. म्हणाला, "वहिनी, दगड गार लागतो."

त्या दिवशी मी त्याच्या जागी, सणाला आलेल्या लुंबिनीला बसवलं होतं.