माझे सासरे स्वतः वाचतात

कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांइतका चिवट वाचक दुसरा नसेल, आणि माझ्या सासऱ्यांना दिसत नाही. काचबिंदूनं नजर गेली ती निवृत्तीनंतर. त्याआधी जन्मभर त्यांनी एसटीची कोल्हापूर–गगनबावडा गाडी चालवली, आणि रोज गाडी सुटण्यापूर्वी स्टेअरिंगवर पेपर पसरून पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून काढला. डोळे गेल्यावर चालण्याची, जेवणाची, दाढीचीसुद्धा तक्रार त्यांनी केली नाही. तक्रार एकच, पेपरची. उचगावच्या घरी वाचून दाखवायला माणसं होती, पण प्रत्येक जण आपल्या सोयीनं गाळायचा. सासूबाई अपघात गाळायच्या, मेहुणा राजकारण गाळायचा आणि निधनवार्ता तर सगळेच गाळायचे, कारण यांचा रक्तदाब. पण यांचे कान तिखट. "मदीच श्वास का घेतलास? कोन गेलं?" असं ते विचारायचे आणि सासूबाई "कुनी न्हाई, पान उलटाय लागलेय" म्हणून वेळ मारून न्यायच्या. आमच्याकडे लग्न चुकलं तर आहेर पाठवून भागतं, पण ओळखीच्या माणसाच्या रक्षाविसर्जनाला कुणी दिसलं नाही तर ते घर वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतं. सासऱ्यांनी डोळे असताना एकही रक्षाविसर्जन चुकवलं नव्हतं.

मग त्यांच्या हाती बोलणारा फोन आला. पडद्यावर बोट फिरवलं की तो वाचून दाखवतो आणि दोनदा टकटक केली की पान उघडतो. ही दोनदा टकटक त्यांना एकदम पटली, कारण कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की एसटी निघते. "ह्योबी डबल बेलवरच चालतोय की!" म्हणून त्यांनी लगेच आपल्या जुन्या कंडक्टरला फोन लावून कळवलं. हा कंडक्टर गगनबावड्याच्या अलीकडच्या एका गावचा. दोघांनी निम्मी नोकरी एकाच गाडीवर काढली होती आणि निवृत्तीनंतर दर आठवड्याला ते फोनवर नेमानं भांडायचे. फोनमधल्या बाईचा वेग सासऱ्यांनी इतका वाढवून ठेवला की लाह्या फुटल्यासारखी ती तडतडते. घरात कुणाला अक्षर कळत नाही आणि हे मात्र मान डोलवत ऐकत असतात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी त्या बाईकडून उसाच्या दराची बातमी वाचून घेतली, आणि भटजींचा सूर चुकला.

माझं दुर्दैव असं की मी एका मित्राबरोबर कोल्हापूरच्या बातम्यांची वेबसाईट चालवतो. जावई म्हणजे पाहुणा, म्हणून सासरे मला 'पावणं' म्हणतात, अहोजाहो करतात आणि त्याच आदरानं झाडतात. "पावणं, तुमच्या त्या पानावर नुस्ती बटनं हाईत. बाई म्हनती, 'लेबल नसलेलं बटन, लेबल नसलेलं बटन'. पाटी नसल्याल्या गाडीत कोन चढंल?" दुसऱ्या दिवशी मथळ्यांवरून. आम्ही मथळे नुसते जाड अक्षरात ठेवले होते, आणि त्यांच्या फोनला ते मथळे आहेत हे कळतच नव्हतं. "मथळा म्हंजे थांबा. तुमची गाडी सुटली की थेट गगनबावडा. मदी कळ्याच्या थांब्याला उतरायचं कसं?" तिसऱ्या दिवशी, प्रत्येक बातमीआधी वरची सगळी सदरं पुन्हा ऐकावी लागतात म्हणून. "दर खेपंला डेपोतनंच गाडी काडायची व्हय?" मी हो हो म्हणायचो, आणि मित्र हसायचा.

त्याच सुमारास डेपोतले एक जुने मेकॅनिक वारले. घरच्यांनी पाठवलेली झेंडूच्या चौकटीतली निधनाची जाहिरात आम्ही चित्र म्हणून जशीच्या तशी लावली. सासऱ्यांच्या फोननं ती वाचली अशी : 'आय एम जी, शून्य, शून्य, चित्र'. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे गप्प. यांना कळलं ते उत्तरकार्य उरकल्यावर, चहाच्या टपरीवर. त्या दिवशी ते एकटे रिक्षा करून आमच्या ऑफिसात आले आणि दारातच उभे राहिले. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"पावणं, घरची मला गाळून वाचून दावत्यात, त्यास्नी माया हाय. तुमी कशापायी गाळताय?"

मित्र म्हणाला, "मामा, प्रत्येक चित्राचा मजकूर पुन्हा टाईप करायचा म्हणजे दुप्पट काम. असे वाचक आहेत तरी किती?"

"गगनबावड्याच्या पावसात थांब्यावर एकच म्हातारी हुबी असली, तर मी गाडी थांबवत हुतो. खाली उतरून मोजत न्हवतो."

मग सासरे आत येऊन माझ्या खुर्चीत बसले ते जवळजवळ कायमचेच. सगळं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. बटणांना नावं आली, मथळ्यांना मथळेपण आलं, सदरं ओलांडून थेट बातमीवर जायची वाट झाली. शेजारच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही, तर त्यांनाही एकदा ते घेऊन आले. "व्हिडिओत आमदार नुस्तं त्वांड हलवतोय. हिनं काय समजायचं? खाली ल्ह्या की!" तेव्हापासून आमच्या व्हिडिओखाली अक्षरं येतात. फोटोंचं वर्णन लिहिण्यात तर त्यांनी आमची शाळाच घेतली. मित्रानं एकदा 'गगनबावड्याचा सुंदर निसर्ग' असं लिहिलं. "सुंदर हाय का न्हाई ते मी बगतो. तुमी दिसतंय काय ते सांगा." पुढे मंत्र्यांच्या सत्काराच्या फोटोत मागच्या खुर्चीवर झोपलेला माणूसही वर्णनात घ्यावा, असा त्यांचा हट्ट होता. तो घेतला, आणि ती ओळ आमच्या डोळस वाचकांना सर्वांत जास्त आवडली. आता कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगतो, आमची साईट न बघता वाचता येते. श्रेय सासऱ्यांचं आहे हेही सांगतो, कारण बहुधा ते शेजारीच बसलेले असतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी तीच झेंडूची चौकट पुन्हा आली. आतला फोटो कंडक्टरचा होता. मी बायकोला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, "आजचा दिवस ते टाईप करू नका. नुसता फोटो लावा. मी संध्याकाळी बाबांना हळूच सांगते." तिची काळजी खरी होती. सकाळच्या दोन गोळ्यांवर रक्तदाब कसाबसा ताब्यात होता. तरी मी टाईप करायला बसलो. नाव लिहिलं, गाव लिहिलं, 'निवृत्त वाहक' लिहिलं, 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी' लिहिलं आणि बातमी सोडली.

थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. "पावणं, वाचलं," एवढंच म्हणाले. नंतर पलीकडे सासूबाईंना पांढरी टोपी काढून ठेवायला सांगितलेलं ऐकू आलं. शेवटी म्हणाले, "सकाळी गाडी काडा."

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून, पांढरी टोपी घालून ते त्यांच्या जुन्या एसटीच्या रस्त्यानं निघाले. वळण यायच्या आधीच मला सांगत होते, "आता डावीकडं, बेतानं." गावात पोचलो तेव्हा नदीकाठी माणसं जमली होती. कंडक्टरचा मुलगा धावत आला आणि यांचा हात धरून म्हणाला, "ड्रायव्हरमामा, तुमास्नी कळवायचंच ऱ्हायलं बगा. कुनी सांगिटलं?"

सासरे ताठ झाले. "सांगाय कशाला पायजे कुनी? मी वाचलं." आजूबाजूच्या चार माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा आणि आमच्या वेबसाईटचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

सगळं उरकल्यावर ते गाडीवर बसले. मी गाडी सुरू करून थांबलो. त्यांना अजून निघायचं नसेल, असं वाटलं. समोर नदी वाहत होती, माणसं पांगत होती. बऱ्याच वेळानं त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि त्यांनी बोटानं दोनदा टकटक केली. मी गाडी काढली.