जिभेखालची लवंग

एलादिओ मालावे बोलायला लागला की घड्याळाकडे बघू नये, असं सान हुआनमधले त्याला ओळखणारे सगळे म्हणत. त्याचं आयुष्य आमच्या गल्लीतल्या खाणावळीत वाढपी म्हणून गेलं. खाणावळ बंद पडली, त्याच जागेत मुस्यू तेसिए या फ्रेंच गृहस्थांनी फ्रेंच-लॅटिन रेस्टॉरंट काढलं, आणि छताच्या पंख्यांबरोबर एलादिओलाही ठेवून घेतलं. मी तिथे बारवर असते. तळून कुटलेल्या केळ्यांच्या मोफोंगोवर बदकाची मांडी, तुरीच्या दाण्यांवर फ्रेंच सॉस, असलं तिथे मिळतं. चव चांगली असते. ताट मोठं आणि घास छोटा, हे माझं मत मी स्वतःपाशी ठेवते.

जेवणाऱ्याच्या शेजारून जाताना 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे अंगी लागू दे म्हणायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ओळख नसली तरी म्हणतात. न म्हणता गेलात तर तुमच्या आईचा उद्धार होतो. एलादिओ तर ताटं घेऊन निघाला की दोन्ही बाजूंच्या टेबलांना प्रोवेचो वाटत जायचा. एकदा पॅरिसच्या एका बाईंनी दचकून काटा खाली ठेवला. हा माणूस बिल मागतोय असं त्यांना वाटलं.

मुस्यूंनी त्याला बाजूला घेतलं. "एलादिओ, जेवणाऱ्याला पोटाची आठवण करून देत नाहीत. आमच्याकडे हे गावंढळ समजतात. पुन्हा कानावर आलं तर तुम्ही घरी बसा."

साठीला आलेल्या वेटरला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? हे त्यालाही कळत होतं. तो माझ्याकडे आला.

"पोरी, एक लवंग दे."

"दात दुखतोय?"

"जीभ."

तेव्हापासून माझ्या बरणीतली लवंग जिभेखाली धरूनच तो कामाला लागायचा. शब्द वर आला की चावायची. मुस्यू खूश झाले. माणूस सुधारला, म्हणाले. मला मात्र त्याच्याकडे बघवत नसे.

एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याची बायको लुमी आम्हा दोघांना लुकियोच्या किनाऱ्यावर खाऱ्या माशाची भजी खायला घेऊन गेली. टपरी भरलेली होती. एलादिओ पुढे, आम्ही मागे. तो टेबलांमधून सरळ चालत गेला आणि खुर्ची ओढून बसला. कुणालाही काही म्हणाला नाही. एका आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

लुमी उभीच राहिली. "काय रे म्हाताऱ्या, जीभ गहाण टाकलीस? का तोंडात लवंग आहे?"

"नाही गं." मग त्याने खरंच जिभेने गाल चाचपून बघितले. "नाही."

त्याचा चेहरा पार उतरला. तो उठला, रस्त्यापर्यंत गेला आणि पुन्हा आत आला. "प्रोवेचो. प्रोवेचो, ताई. प्रोवेचो, आजोबा." ज्यांचं खाऊन झालं होतं त्यांनाही म्हणाला.

"पुरे," लुमी म्हणाली, "ती बशी रिकामी आहे."

मंगळवारी त्याने मागायच्या आधीच मी बरणी पुढे केली.

"नको, पोरी."

पहिल्याच टेबलापाशी तो म्हणाला, चांगला मोठ्याने. तिथे आमच्याच इकडच्या पोन्से शहरातलं एक जोडपं बसलं होतं. "तुम्हालाही," दोघं एका सुरात म्हणाली. कोपऱ्यातल्या टेबलावर मुस्यू जेवत होते. त्यांनी बोट वाकवून त्याला बोलावलं.

"एप्रन काढा. उद्यापासून येऊ नका."

एलादिओने एप्रन काढला आणि घडी घालून खुर्चीवर ठेवला. मुस्यूंच्या ताटात अर्धं बदक अजून बाकी होतं.

"प्रोवेचो, मुस्यू," तो म्हणाला. "अंगी लागू दे."

टोमणा नव्हता तो. माणूस जेवत होता, म्हणून म्हणाला.