दोन तारांची वायर

घाटकोपरच्या आमच्या गणेशोत्सवात लाउडस्पीकर लावायला येणारा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा. "मास्तर, लांबच्या माईकला दोन तारांची वायर. दोन तारांची. ग्रामोफोनला एकतारी चालते. चालते." का, म्हणून विचारलं की सांगायचा, वाटेत दोन्ही तारांत घरघर सारखीच शिरते आणि मिक्सरच्या पेटीत तिची वजाबाकी होते. शाळेत गणित शिकवूनही मला ती वजाबाकी कधी कळली नाही.

एका वर्षी तो चहाला गेला असताना मी शहाणपणा केला आणि स्टेजवरच्या माईकला हाताला लागली ती एकतारी वायर जोडली. पाहुणे भाषणाला उभे राहिले, तर भोंग्यातून नुसती घरघर. त्याने धावत येऊन वायर बदलली. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी केलं?" मी खाली बघत राहिलो.

"माझी चूक," तो म्हणाला.

सामान आवरताना मी जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत?"

"काय सांगितलं? काय सांगितलं?" तो वायर गुंडाळत राहिला.

ती वायर मी जोडली हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं की काय, हे मला अजून उमगलेलं नाही. पण 'माझी चूक' तो एकदाच म्हणाला होता.