खांबांच्या आतल्या खुणा

आकाराम पाथरवट बोलायला महाकंजूस. आटपाडीकडच्या आमच्या गावात त्याच्याइतका नेटका दगड घडवणारा दुसरा नव्हता, आणि इतका घुमाही.

सत्तेचाळीस साली महादेवाच्या मंडपाचे दोन खांब कलले, एक तुळई तडकली. सहा-सातशे वर्षांचं हेमाडपंती काम. दगड एकमेकांच्या खाचेत बसवलेले, चुना औषधालाही नाही. पंच म्हणाले, मंडप पाडू, पत्रा टाकू. आकाराम हट्टाला पेटला. पलटणीबरोबर तो इटलीला जाऊन आला होता. तिथल्या एका खेड्यात बॉम्बनं पडलेलं जुनं चर्च गवंड्यांनी दगडांवर आकडे घालून पुन्हा उभं केलेलं त्यानं पाहिलं होतं. चैत्रातल्या जत्रेआधी मंडप उभा राहिला तर ठीक, नाहीतर पत्रा, असं ठरलं.

त्यानं दगड उतरवले, प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला गेरूनं आकडा घातला आणि आवारात रांगेनं मांडले. आकडे कशाला, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. मग नवी तुळई घडवायला चार दिवस खाणीवर गेला.

परतला तर सगळे दगड पांढरेशुभ्र. जत्रा तोंडावर आली म्हणून म्हाताऱ्या तानुबाईनं बायका जमवल्या, गड्यांकडून दगड उलथवून चारी अंगांनी घासले आणि वर चुना दिला. रांगाही मोडल्या होत्या. आकाराम मटकन खाली बसला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?

तानुबाईचा चेहरा उतरला. आपलं चुकलं, हे तिनं कबूल केलं. मग म्हणाली, "तळाला आन् माथ्याला मातर चुना न्हाई लावला रं. माती निघाली तवा मासं, चंद्र कोरल्यालं दिसलं. देवाचं आसंल म्हनून तसंच ठिवलं."

आकाराम उठला. पहारीनं एक दगड उलथला, मग दुसरा. एकाच्या तळाला मासा, दुसऱ्याच्या माथ्याला तसाच मासा. ज्यांनी मंडप बांधला, त्यांनीच कुठला दगड कुठल्यावर बसतो ते सांध्यात कोरून ठेवलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

जत्रेच्या दोन दिवस आधी फक्त नवी तुळई चढवायची राहिली. त्यानं तिच्या खालच्या अंगाला आणि खांबाच्या माथ्यावर एकसारखी खूण कोरली. ती खूण म्हणजे तानुबाईचा चुना द्यायचा कुंचला. तानुबाई बघत उभी होती.

"तुळई बसल्यावर ह्यो कुनाला दिसायचा?" तिनं विचारलं.

"फुडं कवा जो ह्यो मंडप उतरवंल, त्या पाथरवटाला," आकाराम म्हणाला आणि गड्यांना तुळई उचलायला सांगितली.